खणाचा शर्ट आणि दोन अकाउंटं

प्रश्न : ताई, मी २४ वर्षांचा. मूळ इचलकरंजीचा, घरी माग आहेत. पुण्यात कॉट बेसिसवर राहून हिंजवडीला नोकरी करतो. कपड्यांचं लहानपणापासून वेड. आईच्या पेटीतल्या खणांचा शर्ट शिवून घेतला, डोळ्यांत काजळ घातलं आणि फोटो इन्स्टाग्रामवर टाकला (सोबत पाठवतोय). त्यावरूनच नाशिकच्या एका मुलीशी ओळख झाली. रात्र रात्र बोलायचो. ती भेटायला आली तेव्हा मी तोच शर्ट घातला. निघताना म्हणाली, "फोटोत भारी दिसतं रे, पण माझ्या ग्रुपसमोर असा नको येऊस." तेव्हापासून तिच्यासाठी मी राखाडी टी-शर्टवाला, आणि काजळवाल्या फोटोंचं वेगळं, तिच्यापासून लपवलेलं अकाउंट. तिथे लोक 'बायल्या' लिहितात. एक अनोळखी माणूस रोज मेसेज करतो, "तू तसलाच आहेस, मान्य कर." मलाही वाटायला लागलंय, असेन का? खरा मी कोणता?
– स. प., पुणे

उत्तर : आधी शर्टाबद्दल, कारण माझा जन्म शिलाई मशीनवर गेला. कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचे विणकर खण विणत आले ते चोळीसाठी. त्याचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, ती केवढीशी! शर्टाला जोड द्यावाच लागतो, आणि तू तर काठ नेमका बटणपट्टीवर आणलायस. एवढा विचार करणाऱ्याला स्वतःची आवड कळत नाही, हे मला पटायचं नाही.

आता ती. ती काय करते, कशावर हसते, यावर पत्रात एक अक्षर नाही. तिलाही बहुधा तुझा फोटोच भेटला होता. तिचं बोलणं मलाही लागलं, पण त्यात मैत्रिणी काय म्हणतील ही धास्तीच जास्त दिसते. गणपतीत ढोल पथकातला पोरगा फेटा बांधून, कानात भिकबाळी घालून उभा राहिला की रुबाबदार. त्यानेच ऑफिसला जाताना काजळ घातलं की टवाळी. आपल्याकडचा न्याय हा असा. तिला समोरासमोर विचार, "तुला माझी लाज वाटली, की त्यांची भीती?" लाज म्हणाली तर भांडू नकोस. न आवडण्याचा तिला हक्क आहे. पण मग तिच्यासाठी राखाडी टी-शर्टही घालू नकोस.

'असेन का' याचं उत्तर कपाटात सापडत नाही, बाळा. काजळ घालणारे कितीतरी पुरुष बाईवरच जीव टाकतात, आणि कडक इस्त्रीवाल्यांपैकी कित्येकांना पुरुष आवडतात. कुणाच्या मेसेजची वाट पाहताना तुझा जीव वरखाली होतो, ते बघ. पुरुष आवडतात असं पुढे कळलं, तरी तो गुन्हा नाही. सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांपुरता तो शिक्का सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी पुसला. घरच्यांचं काय, हा प्रश्न उरतो, पण तो आजच सोडवायला कुणी बसवलेलं नाही.

दुसरं अकाउंट बंद करू नकोस. प्रायव्हेट कर आणि माणसं निवडून घे. त्या रोजच्या मेसेजवाल्याला उत्तर न देता ब्लॉक कर. आधी स्क्रीनशॉट तेवढे काढून ठेव, उद्या धमकीवर आला तर सायबर पोलिसांना दाखवायला लागतील.