रस्ता विचारला, पण उत्तर कळेना

प्रश्न : कंपनीच्या कामासाठी पहिल्यांदाच बीजिंगला चाललोय. मोबाईलमध्ये ट्रान्सलेटर आहे, पण रस्त्यात कुणाला थांबवून पत्ता विचारता येईल इतपत तरी चायनीज यावं असं वाटतं. कुठली वाक्यं पाठ करू?
– एक वाचक, चाकण

उत्तर : फार पाठांतर करूच नका. विचारायला एक वाक्य पुरतं, "छिंग वन, तीथ्येचान त्साय नार?" म्हणजे जरा सांगता का, मेट्रो स्टेशन कुठेय, आणि तीथ्येचानच्या जागी जे हवं ते घालायचं. थ, ख, छ असे उच्चार आपल्याला जन्मापासून येतात, त्यामुळे चायनीजमधला त-थ, क-ख हा फरक इंग्रजांपेक्षा आपल्याला कितीतरी लवकर जमतो. ड्रायव्हर किंवा वयस्कर पुरुष असेल तर आधी "शीफू" (म्हणजे उस्ताद) म्हणा, माणूस खुलतो.

खरी पंचाईत पुढेच आहे, कारण तुमचं एक वाक्य नीट जमलं की समोरचा समजतो याला चायनीज येतं आणि भडाभडा बोलायला लागतो! म्हणून तयारी करायची ती उत्तर ऐकायची. त्स्वो क्वाय म्हणजे डावीकडे वळा, यौ क्वाय उजवीकडे, हुंगल्युतंग म्हणजे सिग्नल. पण बीजिंगकर बऱ्याचदा डावं-उजवं सांगतच नाहीत, सरळ दिशा सांगतात, "वांग तुंग त्सौ", पूर्वेकडे जा. आपल्याकडे गावातली म्हातारी माणसं उगवतीला जा, मावळतीला वळ म्हणतात ना, अगदी तसं. जुनं शहरच उत्तर-दक्षिण, पूर्व-पश्चिम असं सरळ आखलेलं, त्यामुळे त्यांचं बरोबर चालतं, गोंधळ आपला उडतो.

तेव्हा तुंग पूर्व, शी पश्चिम, नान दक्षिण, पेय उत्तर, एवढं घोकाच आणि ही चार अक्षरं वाचायलाही शिका. मेट्रोच्या एक्झिटवर इंग्रजी अक्षराशेजारी वायव्य, आग्नेय अशी दिशा लिहिलेली असते. दोन नंबरच्या लाईनवर तुंगचिरमन आणि शीचिरमन अशी स्टेशनं आहेत, दोन्ही जुन्या तटबंदीचे दरवाजे, एक पूर्वेचा एक पश्चिमेचा. तटबंदी पाडून तिथे सेकंड रिंग रोड झाला पण नावं राहिली, आणि ऐकण्यात गल्लत केलीत तर शहराच्या दुसऱ्या टोकाला पोचाल.

आकडे बोटांनी सांगतात तेही बघून ठेवा, चार आणि दहा ऐकायला फार जवळचे आहेत. एकाच हाताने दहापर्यंत मोजतात, अंगठा आणि करंगळी उघडली की सहा, अंगठा आणि तर्जनी म्हणजे आठ (आपल्याला वाटतं बंदूक दाखवतोय).

गुगल मॅपच्या भरवशावर मात्र राहू नका, तिथे ते नीट चालत नाही, काउत नावाचं तिथलं ॲप आधीच टाकून घ्या. आणि हॉटेलच्या रिसेप्शनवरून चिनी अक्षरातलं कार्ड पहिल्याच दिवशी मागून खिशात ठेवा, हॉटेलचं इंग्रजी नाव बऱ्याच टॅक्सीवाल्यांना माहीतच नसतं.