अर्धा सारस, अर्धा गुलाबी

प्रश्न: गोंदिया जिल्ह्यातल्या आमच्या धानाच्या बांधीत मी चार वर्षांपासून सारसाचे फोटो काढतो, सगळे रॉ, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फायलीत. परवा जुनं फोल्डर उघडलं. लहान चित्र झकास दिसतं, मोठं केलं की पक्ष्याच्या पायापासून खाली सगळं गुलाबी! सॉफ्टवेअर बदललं, तरी तेच. फोटो गेले काय जी?

उत्तर: लहान चित्र पाहून हुरळू नका, भाऊ. रॉ फायलीच्या पोटात कॅमेऱ्यानेच बनवलेला एक जेपीईजी असतो, तो तुम्हाला दिसतो. बिघडलाय तो सेन्सरचा डेटा. पण हा जेपीईजी एक्झिफटूल या सॉफ्टवेअरने बाहेर काढता येतो आणि पुष्कळ कॅमेऱ्यांत तो पूर्ण आकाराचा निघतो. तेवढा तरी सारस वाचला.

कार्ड अजून पुसलं नसेल तर दुसऱ्या रीडरने फाईल पुन्हा उतरवा. पुसलं असेल तर त्यावर एकही नवा फोटो न काढता फोटोरेक हे पुसलेल्या फायली परत काढणारं सॉफ्टवेअर चालवा.

माझ्याच तान्ह्या पोळ्याच्या फोटोंवर असे पट्टे आले होते. आठवडाभर कार्डाला शिव्या घातल्या. मग एकच फाईल तीनदा कॉपी केली, तर तिन्ही वेळा चेकसम (फाईलमधल्या डेटावरून काढलेला तिचा ओळख-आकडा) वेगळा! दोष कॉम्प्युटरच्या रॅमच्या (मेमरीच्या) एका पट्टीत निघाला. तुम्हीही हे करून पाहा.

आणि कट-पेस्ट बंद करा. आपल्याकडे लाईन कधी जाईल, नेम नाही. कॉपी करा, चेकसम जुळला की मगच कार्ड पुसा. गुलाबी फायली तोवर डिलीट करू नका.