शहरात झाडे लावू पाहणाऱ्या मित्रास

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

शहरात झाडे का लावायची हे लोकांना कसे पटवून द्यावे, असे तू विचारले आहेस. माझे सांगणे असे, की प्राणवायूपासून सुरुवात करू नकोस. हवेत तो सुमारे 21 टक्के असतोच आणि शहरातल्या झाडांनी त्यात जाणवण्याजोगी भर पडत नाही. सुरुवात उन्हापासून कर, कारण शहरी झाडाचे खरे मोल तिथे आहे.

डांबर आणि काँक्रीट दिवसभर ऊन शोषून घेतात आणि रात्री ती उष्णता हळूहळू बाहेर टाकतात. म्हणूनच दाट वस्तीचा भाग रात्रीही भोवतालच्या मोकळ्या प्रदेशापेक्षा तापलेला राहतो. झाड हे तापणे दोन प्रकारे रोखते. त्याच्या सावलीतला पृष्ठभाग भर उन्हातल्या पृष्ठभागापेक्षा 11 ते 25 अंश सेल्सिअसने थंड असू शकतो. शिवाय मुळांनी ओढलेले पाणी पानांवाटे वाफ होऊन जाते, तेव्हा दर लिटरमागे सुमारे दोन तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता खर्ची पडते. मुळांशी पुरेशी ओल असलेला मोठा वृक्ष उन्हाळ्याच्या एका दिवसात 100 लिटर पाणी हवेत सोडू शकतो. त्याचा हिशेब लोकांसमोर मांड. वातानुकूलन यंत्राचे बिल भरणाऱ्याला तो लगेच समजतो.

पावसाचेही सांगावे. पानांवर अडलेले आणि मुळांनी सैल केलेल्या मातीत जिरलेले पाणी गटारांवर एकदम कोसळत नाही. धुळीबाबत मात्र जपून बोल. पाने धूलिकण पकडतात हे खरे, पण उंच इमारतींमधल्या अरुंद, वाहत्या रस्त्यावर फार दाट छत्र झाले, तर वाहनांचा धूर खालीच कोंडू शकतो. अशा ठिकाणी विरळ पर्णसंभाराची झाडे निवडावीत.

मनाला होणारा लाभ मोजता येत नाही, असे कोणी म्हणाले तर संशोधक रॉजर उल्रिच यांचा 1984 सालचा अभ्यास दाखव. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या 46 रुग्णांपैकी ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. रुग्णसंख्या लहान होती, हेही प्रामाणिकपणे सांग.

हे सारे लाभ वाढलेल्या वृक्षाचे आहेत, नुकत्याच लावलेल्या रोपाचे नव्हेत, आणि माझा सारा आग्रह या एका मुद्द्यावर आहे. किती रोपे लावली याची आकडेवारी मिरवणाऱ्यांना तू विचार, की त्यांतली किती जगली आणि त्यांची सावली कोणावर पडते. बसथांबा, शाळेचा रस्ता, उघड्यावर काम करणाऱ्यांची जागा यांना पहिला मान दे. एकाच जातीची रांग लावू नकोस. एखादी कीड आली तर अख्खा रस्ता उजाड होतो. म्हणूनच एका जातीची झाडे एकूण झाडांच्या 10 टक्क्यांहून अधिक नसावीत, असा संकेत जाणकार पाळतात.

लावणीच्या दिवशी स्वतः खाली बसून बुंधा पाहा. मुळे जिथून फाकतात तो भाग मातीच्या पातळीला उघडा राहिला पाहिजे. तो पुरला गेला, तर झाड काही वर्षांनी कारण न कळता वाळू शकते. पुढे पदपथाचे काम निघाले, की काँक्रीट थेट खोडाला भिडवले जाते आणि मुळांचा पाणी-हवेचा मार्ग बंद होतो, म्हणून आळ्याची जागा आराखड्यातच राखून घे. पहिली दोन-तीन वर्षे पाणी कोण घालणार, त्याचे नाव खड्डा खणण्याआधी ठरव. तुझा आराखडा तयार झाला, की प्रत्येक झाडापुढे ते नाव लिहून मला पाठव; मी तो बारकाईने वाचेन.

तुझा हितचिंतक