वाचकांचे प्रश्न : कच्चं मटण, हाडं आणि घरातला कुत्रा

प्रश्न (फोंड्याहून) : डॉक्टर, आमचा लॅब्रॅडॉर नऊ महिन्यांचा आहे. माझ्या दिराने व्हिडिओ बघून त्याला कच्चं चिकन, कोंबडीच्या माना आणि मटणवाल्याकडची कच्ची कलेजी-फुफ्फुस द्यायला सुरुवात केलीय. तो म्हणतो, कुत्रा म्हणजे मूळचा लांडगाच, आणि मांस आधी फ्रीजरमध्ये ठेवलं की जंतू मरतात. कुत्रा आवडीने खातो, केसही चमकायला लागलेत. पण घरात माझी दीड वर्षाची मुलगी आहे, ती दिवसभर त्याच्या गळ्यात पडलेली असते. हे चालू ठेवावं का?

उत्तर : ताई, बंद करा, आणि सगळ्यात आधी ती कच्ची कलेजी-फुफ्फुस आजच बंद करा.

मेंढी-बकरीच्या कलेजीत आणि फुफ्फुसात कधीकधी पाणी भरलेले पांढरट फोड असतात. मोठा असला तर खाटीक तो भाग कापून टाकतो आणि दुकानाबाहेर बसलेली कुत्री तो खातात, पण आत असलेला बारका फोड वरून दिसतही नाही. हा हायडॅटिड रोग. फोडात एकायनोकॉकस नावाच्या फीतकृमीची पिल्लं असतात, ती कुत्र्याच्या आतड्यात गेली की तिथे काही मिलिमीटरचे जंत होतात आणि कुत्रा मात्र अगदी ठणठणीत दिसतो, खातो-पितो, खेळतो. जंतांची अंडी त्याच्या शीमधून बाहेर पडतात, अंगणात पसरतात, केसांना चिकटतात, मग मुलगी त्याला मिठी मारणार आणि तोच हात तोंडात घालणार. माणसाच्या लिव्हरमध्ये किंवा फुफ्फुसात तसाच फोड इतका हळू वाढतो की कित्येक वर्षं पत्ताच लागत नाही, आणि मग ऑपरेशनची वेळ येऊ शकते. म्हणून मी एवढं कळकळीने सांगतेय. कुत्र्याला जंताचं औषध द्याच, पण नेहमीच्या सगळ्या गोळ्यांत यावरचं प्राझिक्वांटेल नसतं, डॉक्टरांना विचारून तेच असलेली गोळी घ्या.

फ्रीजरचं म्हणाल तर थंडीने काही परजीवी मरतात, पण साल्मोनेला, ई. कोलाय, लिस्टेरिया हे जंतू मरत नाहीत, नुसते गप्प बसतात. बाहेर काढलं की पुन्हा वाढायला लागतात, त्यात आपल्याकडची दमट हवा. शिवाय कुत्रा आजारी न पडताही त्याच्या शीमधून साल्मोनेला बाहेर पडत राहतो, तोंडाला लागतो, आणि तेच तोंड तो मुलीच्या गालाला लावतो. अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या संघटनेने २०१२ मध्येच कच्चं मांस देऊ नका असं स्पष्ट सांगितलंय.

लांडग्याचा मुद्दा तर मला पटतच नाही. २०१३ साली स्वीडनच्या संशोधकांनी दाखवून दिलं की पिष्ट पचवणाऱ्या अमायलेज या पाचक द्रव्याच्या जनुकाच्या (जीनच्या) प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात कितीतरी जास्त असतात, माणसाजवळ राहून तो भात-भाकरी पचवायला शिकलाय. केस चमकतात ते बहुतेक मांसातल्या चरबीने, ती शिजवल्यावरही मिळते.

आता कोंबडीच्या मानांचं. कच्चं हाड शिजवलेल्यापेक्षा कमी चिरतं हे खरं, पण लॅब्रॅडॉर चावतो कुठे, तो गिळतो, आणि तुकडा अन्ननलिकेत अडकला की जिवावर बेततं. कडक हाडाने मागची दाढ उभी तुटते तेही वेगळंच.

घरी बिनहाडाचं चिकन पाण्यात पूर्ण शिजवा, मीठ नको, वाटप नको, त्यात उकडा भात आणि थोडा दुधी किंवा गाजर घाला. पण नऊ महिन्यांचं पिल्लू अजून वाढतंय, मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम फार थोडं, नुसत्या मांस-भातावर हाडं कमकुवत होतात, आणि अंदाजाने कॅल्शियम घातलं तर मोठ्या जातीच्या पिल्लाला तेही बाधतं, म्हणून त्याचं वजन करून प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या. हे झेपणार नसेल तर पिल्लांचं तयार खाद्य मुख्य ठेवा आणि वर थोडं उकडलेलं चिकन. शाकुती, सोरपोतेल, चोरीस असल्या मसालेदार मांसाच्या पदार्थांचं उरलेलं मात्र कधीच नको, कांदा-लसणाने कुत्र्याच्या लाल रक्तपेशी फुटतात.

प्रश्न (मडगावहून) : रविवारी जेवण झाल्यावर आमच्या कुत्र्याने रश्श्यातलं मटणाचं हाड पळवून गिळलं. मिठाचं पाणी पाजून उलटी करवावी का?

उत्तर : नाही, अजिबात नको. जाताना न टोचलेला तुकडा वर येताना अन्ननलिका फाडू शकतो, आणि मिठाचं पाणी स्वतःच विषारी ठरू शकतं. लगेच डॉक्टरांना फोन करा, हाड केवढं होतं आणि कुत्र्याचं वजन किती ते सांगा, गरज वाटली तर ते एक्स-रे काढतील. लाळ गळणं, सारखं ओकारी काढणं, पोट ताठ होणं, शी करताना कुंथणं, काळी किंवा रक्ताची शी, यातलं एक जरी दिसलं तरी रात्रीसुद्धा थांबू नका. गुदद्वारातून तुकडा बाहेर डोकावत असला तरी ओढू नका, आत तो कुठे रुतलाय ते बाहेरून कळत नाही.