भाऊ म्हणतो, ‘असं नव्हतंच!’

प्रश्न : मी ६४ वर्षांची, बँकेतून निवृत्त, राहणार कळवा. लहानपण आणि तेव्हाचं वाचन यावर लिहायला घेतलंय. पहिली दोन पानं सोबत पाठवते. पुस्तकांची नावं आठवत नाहीत, गोष्टींचे नुसते तुकडे आठवतात. त्यात मी लिहिलं, की बाबा मला दर शनिवारी वाचनालयात न्यायचे. तर धाकटा भाऊ म्हणतो, ‘बाबांना कुठला वेळ? आत्या न्यायची तुला.’ तेव्हापासून पेन उचलवत नाही. खोटं लिहिण्यापेक्षा न लिहिलेलं बरं का?

उत्तर : ताई, दोन्ही पानं मी दोनदा वाचली. पहिल्या पानावरचं ‘माझ्या बालमनावर वाचनाचे संस्कार झाले’ हे वाक्य काढून टाका. ते कुणाच्याही आठवणींत सापडेल. दुसऱ्या पानावर मात्र मी थबकले. मामाकडे डोंबिवलीला जाताना जलद गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरायची, डब्यात दिवे नसायचे आणि तुम्ही ओळीवर बोट ठेवून उजेडाची वाट बघायचात. सुमारे १.३ किलोमीटरचा बोगदा तो, लहान मुलीला केवढा वाटला असेल! त्या अंधारात पुढची गोष्ट तुम्ही मनाशी रचत होतात का? ते लिहिलेलं नाहीत. सुरुवात तिथूनच करा. जन्म, गाव, घराणं मागाहून येऊ दे. नाही आलं तरी चालेल.

आता नावांचं. ठाण्यातल्या एका वाचनालयात मी बावीस वर्षं देवघेवीच्या टेबलाशी होते. माणसं येऊन सांगायची, ‘निळा पुठ्ठा होता, बेटावरची गोष्ट, त्यात एक पोपट.’ नाव गेलेलं असायचं, पोपट राहिलेला असायचा. माझंही तेच. आम्ही चेंदणीत राहायचो. शेजारच्या काकूंनी दिलेल्या एका पुस्तकाचा शेवटचा फर्मा गळालेला होता. शिवण सुटली की एकटं पान जात नाही, सोळा पृष्ठं एकदम जातात. होडीत एकटा सापडलेला मुलगा तिथेच राहिला. मी त्याला ठाण्याच्या खाडीत आणला, आमच्या बंदराला लावला, आईच्या हातचा भात जेवायला घातला. तीसएक वर्षांनी तेच पुस्तक धडधाकट माझ्या टेबलावर आलं. उभ्या उभ्या शेवट वाचला. मुलाला त्याचे काका शोधून नेतात, बस्स. माझ्या आठवणी लिहिताना मी आधी भात लिहिला, काका नंतर. तुमचेही तुकडे आहेत तसे उतरवा. मग हवं तर पडताळा. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ मध्ये सुरू झालं, तेव्हा तुम्ही दहा-अकरा वर्षांच्या असाल. त्याचे जुने अंक बालभारतीने संकेतस्थळावर ठेवले आहेत; एखादा तुकडा तिथे भेटेलही. पण लिहून झाल्याशिवाय ते उघडू नका. छापलेलं चित्र एकदा डोळ्यांपुढे आलं, की तुमचं पुसट चित्र परत सापडत नाही.

भावाचं म्हणणं ऐकून लेखन थांबवू नका. जाणूनबुजून फिरवलं तर ते खोटं. तुम्हाला बाबा दिसतात, त्याला आत्या दिसते. दोन्ही लिहा, भावाचं वाक्य त्याच्याच शब्दांत. कदाचित बाबा एकदाच आले असतील आणि तो एकच शनिवार बाकीच्या सगळ्या शनिवारांवर पसरला असेल. तसं वाटत असेल तर तेही लिहा, पण ‘वाटतं’ म्हणूनच.

आणि वाचनालय कुठलं, ते तुमच्या पानांत नाहीच. १८९३ सालापासूनचं आपलं मराठी ग्रंथसंग्रहालय, की आळीतलं एखादं छोटंसं? जिना होता का? चपला कुठे काढायच्या? पुस्तक तुम्ही निवडायचात, की पलीकडून कुणी हातात द्यायचं?

मला खरी रुखरुख आत्याची लागली आहे. भावाचं खरं असेल, तर दर शनिवारी घरचं आवरून तुमचं बोट धरून ती निघत होती, आणि दोन पानांत तिचं नावसुद्धा नाही. या आठवड्यात भावाला जेवायला बोलवा. वही जवळ ठेवा. आत्या तिथे तुमची वाट बघत नुसती बसायची, की तीही स्वतःसाठी पुस्तक आणायची, हे त्याला विचारा.