बाळ पडलंय की कुणी मारलंय हे डॉक्टर कसं ओळखतात? नाशिकला भाच्याची केस पोलिसांना का कळवली?

३ महिन्यांच्या बाळाचं मांडीचं हाड मोडलंय आणि घरचे सांगतात 'कुशीवर वळताना मोडलं', तर सांगणं आणि इजा जुळत नाही, डॉक्टरांना शंका घ्यावीच लागते, अजून न रांगणारं बाळ स्वतःहून एवढं लावून घेऊच शकत नाही. मी नाशिकलाच मुलांच्या वॉर्डात नर्स आहे, असं मूल आलं की सगळे कपडे काढून बघतात, कान मुडपून मागची बाजू, ओठ उचलून आतली पातळ पट्टी फाटलीय का तेही. चालत्या पोराची गुडघी, नडग्या, कपाळ खरचटलेलं असणारच, त्याचं काही नाही. पण ४ वर्षांखालच्या मुलाच्या पोटावर, पाठीवर, कानावर, मानेवर वळ किंवा काळंनिळं दिसलं, किंवा ४ महिन्यांपर्यंतच्या बाळाला कुठेही दिसलं, तर तपासणी वाढवतात. २ वर्षांखाली संशय असेल तर सगळ्या हाडांचे एक्स-रे काढतात, त्यात आधीची, जुळत आलेली फ्रॅक्चर्सपण सापडतात, आणि आई एक सांगते, आजी दुसरं, आणायला दोन दिवस लावले, हेही लिहून ठेवतात. फक्त एक, यातलं काही दिसलं म्हणजे मारलंच असं नाही, कमरेवरचे जन्मजात निळसर डाग आपल्याकडे कितीतरी बाळांना असतात, रक्त न गोठण्याचा किंवा हाडं ठिसूळ असण्याचा आजारही असू शकतो, म्हणून रक्त तपासतात. कळवणं म्हणजे आरोप नाही, ताईला तेवढं नक्की सांगा. आणि तुम्हालाच घरात कुणाचा संशय असेल तर १०९८ ला फोन करा, पैसे लागत नाहीत.