मेलेला पक्षी संग्रहालयात ठेवायचा असेल तर परवानगी कशासाठी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: परभणीहून जिंतूरकडे जाताना वाहनाची धडक बसून मेलेला नीलपंख, म्हणजे आपल्याकडचा चास, तुम्हाला रस्त्याच्या कडेला सापडला. तुम्ही तो महाविद्यालयाच्या प्राणीशास्त्र विभागातील फ्रीजरमध्ये ठेवला आहे आणि त्याचा नमुना तयार करू इच्छिता. पक्षी आधीच मेलेला होता, मग परवानगी कशासाठी, असे तुम्ही विचारता. मी मराठवाड्यातील एका महाविद्यालयात 22 वर्षे प्राणीशास्त्र शिकवतो आणि विभागाचा नमुनासंग्रह माझ्याकडे आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या कलम 39 नुसार मृतावस्थेत आढळलेला वन्य प्राणी ही शासनाची मालमत्ता आहे, आणि या कायद्यात ‘प्राणी’ या शब्दात पक्षीही येतात. तो कोणी मारला, कसा मेला, यावर मालकी ठरत नाही. अशी मालमत्ता ज्याच्या ताब्यात येते, त्याने 48 तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा प्राधिकृत अधिकाऱ्याकडे खबर द्यायची असते आणि मागणी झाल्यास ती हवाली करायची असते. त्याच कलमाच्या तिसऱ्या पोटकलमानुसार मुख्य वन्यजीव रक्षकाची किंवा प्राधिकृत अधिकाऱ्याची लेखी पूर्वपरवानगी असल्याशिवाय ती जवळ ठेवता येत नाही, कोणाला भेट देता येत नाही आणि नष्टही करता येत नाही. त्यामुळे ‘राहू द्या, पुरून टाकू’ हाही परस्पर घेण्याचा निर्णय नाही. अनेक प्राध्यापक कलम 12 चा आधार सांगतात; ते शिक्षण, संशोधन किंवा संग्रहालयासाठी प्राणी पकडण्याच्या किंवा मारण्याच्या परवान्याचे कलम आहे. आधीच मेलेल्या पक्ष्यासाठी तुमचा रस्ता कलम 39 मधून जातो.

हा नियम जाचक वाटतो, पण त्यामागचे कारण मला पूर्णपणे पटते. मेलेला सापडला एवढे म्हणून सुटका होत असती, तर फासे लावणाऱ्या प्रत्येकाने तेच सांगितले असते.

2022 च्या दुरुस्तीनंतर, 1 एप्रिल 2023 पासून, या कायद्याच्या अनुसूची, म्हणजे त्याला जोडलेल्या प्राणी-वनस्पतींच्या याद्या, सहावरून चारवर आल्या आहेत, त्यामुळे पाठ्यपुस्तकांतील जुने तक्ते पाहून निष्कर्ष काढू नका. मोरासारखा पक्षी पहिल्या अनुसूचीत आहे आणि त्या अनुसूचीतील प्राण्यांबाबतच्या गुन्ह्याला किमान तीन वर्षांची कैद आहे. मोराच्या शेपटीच्या पिसांना कायद्याने दिलेली सवलत मेलेल्या मोराला लागू होत नाही, हेही येथेच सांगतो, कारण गावोगाव हा गैरसमज आहे.

आता प्रत्यक्ष काय करावे. पक्षी दिसला की आधी तो जसा पडला आहे तसाच छायाचित्रात घ्यावा, मोबाइलवर ठिकाण आणि वेळ नोंदवावी, आणि उचलण्यापूर्वी वनरक्षकाला किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयाला फोन करावा. क्रमांक हाताशी नसेल तर वन विभागाची 1926 ही हेल्पलाइन आहे. कर्मचारी येऊन पंचनामा करतात. संस्थेला नमुना हवा असल्यास प्राचार्यांच्या सहीने, उद्देश आणि ठेवण्याची जागा स्पष्ट लिहून अर्ज द्यावा आणि लेखी उत्तराची वाट पाहावी. ‘साहेब हो म्हणाले’ ही परवानगी नव्हे. संस्थेकडे नमुने टिकवण्याची सोय नसेल, तर मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी किंवा भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे पुण्यातील केंद्र यांच्याशी वन विभागामार्फतच बोलणे मला अधिक योग्य वाटते.

मी रुजू झालो तेव्हा आमच्या काचेच्या कपाटात पेंढा भरलेला एक खंड्या होता. चोच शाबूत, पंखांची निळाई बरीचशी टिकलेली, डोळ्यांच्या जागी काळे मणी. पण पायाला चिठ्ठी नव्हती. कोठून आला, कधी आला, नर की मादी, कोणालाच माहीत नव्हते. विज्ञानाच्या दृष्टीने तो शोभेची वस्तू होता आणि कायद्याच्या दृष्टीने कागद नसलेला ताबा. आम्ही वनपरिक्षेत्र कार्यालयाला लेखी कळवून तो हवाली केला. त्याच्या नंतर रीतसर मिळालेल्या पहिल्या पक्ष्याच्या पायाला मी दोऱ्याने बांधलेल्या चिठ्ठीवर तारीख, गाव, वजन, लिंग, बुबुळाचा रंग आणि शेवटी परवानगीपत्राचा क्रमांक लिहिला. बुबुळाचा रंग आधी टिपावा लागतो, कारण तो काही तासांतच फिका पडतो. पंचनाम्यात ठिकाण, दिनांक आणि मृत्यूचे दिसणारे कारण येते, आणि संशोधकालाही नेमके तेच हवे असते. म्हणून मी पंचनाम्याची प्रत नमुन्याच्या नोंदीचाच भाग मानतो. गिधाडे डायक्लोफेनॅक या जनावरांना दिल्या जाणाऱ्या वेदनाशामक औषधामुळे मरत होती हे 2004 मध्ये सिद्ध झाले, ते मृत गिधाडांच्या तपासणीतूनच, आणि 2006 मध्ये भारतात जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली. मेलेल्या पक्ष्याचे मोल एवढे मोठे असू शकते.

एक गोष्ट मात्र कधीही करू नका. एकाच ठिकाणी अनेक पक्षी मेलेले दिसले तर कोणत्याही नमुन्यासाठी हात लावू नका. जानेवारी 2021 मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा येथे कोंबड्या मेल्या आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला, हे तुमच्या जिल्ह्यातच घडले आहे. अशा वेळी वन विभागासोबत पशुसंवर्धन विभागाला कळवावे आणि माणसे व कुत्री तेथून दूर ठेवावीत. एकटा पक्षीही उघड्या हाताने उचलू नये.

इंटरनेटवर ‘सॅल्व्हेज परमिट’, म्हणजे मेलेला पक्षी उचलून ठेवण्याचा परवाना, म्हणून जी माहिती मिळते ती बहुतेक अमेरिकेच्या 1918 च्या स्थलांतरित पक्षी कायद्याखालची असते. तिचे अर्ज आणि सवलती येथे चालत नाहीत.

तुमच्या चासाला किती तास झाले ते तुम्ही लिहिलेले नाही. 48 तास झाले नसतील तर हे वाचून झाल्यावर लगेच, आणि झाले असतील तरी आजच, वनपरिक्षेत्र कार्यालयात लेखी खबर द्या. सापडल्याची खरी तारीख आणि वेळच लिहा, आणि उत्तर येईपर्यंत पक्षी आहे तसाच पिशवीत बंद ठेवा. त्याची कातडी सोलायला घेऊ नका.